चिन्ह का बदलते?



छत्रपती संभाजीनगरात गणित शिक्षकांच्या या अधिवेशनात बीजगणिताच्या अध्यापनावर बोलताना देवगिरीला वगळता येत नाही. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की पाटणे हे गाव लागते. तिथल्या जुन्या देवळात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, अशी नोंद त्यात आहे. नुसत्या अभिमानासाठी ही नोंद सांगायची, तर तिचा वर्गात काही उपयोग नाही. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त मात्र एक उदाहरण असे आहे, की आठवीच्या वर्गात आपण जे गमावतो ते त्यात शाबूत आहे.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे वाक्य आपल्या प्रत्येक शाळेत घुमते. ते खोटे नाही, पण ते निष्कर्षाचे वाक्य आहे आणि आपण ते आरंभी सांगतो. मग ३क्ष = १२ समोर आले की काही मुले १२ मधून ३ वजा करतात, काही १२ ला उणे ३ ने भागतात. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. दिलेला नियम ती इमानाने पाळत असतात. बरोबरचे चिन्ह त्यांच्या लेखी ‘आता उत्तर लिहा’ एवढेच सांगते. हे दुखणे फक्त मराठी शाळांचे नाही. फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मुलांविषयी लिहिले आहे. ८ + ४ = □ + ५ यातल्या चौकटीत काय येईल, असे सहावीच्या १४५ मुलांना विचारले होते. सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले. ७ एकानेही लिहिले नाही. दोन्ही बाजू सारख्या मोलाच्या आहेत ही जाणीव नसेल, तर पुढे समीकरण सोडवणे म्हणजे अक्षरांची नुसती हलवाहलव होते.

भास्कराचार्यांचे उदाहरण असे. एकाजवळ ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रुपये देणे आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? दोघांचेही ६ घोडे बाजूला काढा. एकाकडे ३०० उरले, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० चे देणे. आता दोघांनाही १०० द्या. दुसऱ्याचे देणे फिटले, पहिल्याजवळ ४०० झाले. घोडा १०० चा. ताळा पाहा: दोघांचीही संपत्ती ९०० भरते. उणे १०० पलीकडे जाऊन अधिक का झाले, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. आपण वर्गात तराजू दाखवतो आणि तो उपयोगीही आहे, पण पारड्यात उणे १०० ठेवता येत नाही. देण्याघेण्याच्या हिशेबात ते ठेवता येते, आणि शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या घरातले मूल तो हिशेब लहानपणापासून ऐकत असते.

म्हणून चिन्ह का बदलले याचे कारण मुलाने आरंभी लिहावे, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. दहावीला दोन चलांतील समीकरणे, निश्चयक, क्रेमरची पद्धत एवढे सगळे असताना दर पायरीला कारण कुठे लिहीत बसायचे? दर पायरीला लिहावे असे माझे म्हणणे नाही. सहावी ते आठवीत ते पुरेसे लिहून झाले, की पायऱ्या गाळण्याचा अधिकार मुलाला आपोआप मिळतो. शिवाय एका चलाचा लोप करताना आपण समीकरणाला समीकरण मिळवतो. समान राशींत समान राशी मिळवल्या तर समानता टिकते, हे पक्के नसेल तर ती क्रियाही पाठांतरच ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भास्कराचार्यांनीही सूत्रे श्लोकांत बांधली, म्हणजे पाठांतर आणि सराव ही आपलीच परंपरा आहे, असे कोणी म्हणेल. सराव हवाच, हात बसल्याशिवाय मन पुढच्या प्रश्नाला मोकळे होत नाही. पण त्यांनी सूत्रांपाशी न थांबता उदाहरणे दिली, ती सोडवून दाखवली, आणि बीजगणित म्हणजे मुळात बुद्धीच, असा निर्वाळा दिला. तेव्हा एकाच साच्याची वीस गणिते देण्यापेक्षा आठ द्यावीत. त्यांत एक चुकीचे सोडवलेले असावे आणि चूक कोणत्या पायरीवर समानता मोडते ते मुलाने दाखवावे. एकाची शाब्दिक गोष्ट मुलाने स्वतः रचावी. प्रत्येक उकल मूळ समीकरणात घालून ताळा पाहावा, आणि घटक चाचणीत त्या ताळ्याला स्वतंत्र गुण असावेत. हे गुण ठेवण्याचा ठराव याच अधिवेशनात व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.