दुर्बिणीनंतरची चालढकल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी ‘चार शब्द बोला’ म्हणून आज्ञा केली. मी काही विदुषी नव्हे. पण स्वतःच्या पोटावरच्या व्रणाविषयी बोलायला विद्वत्ता लागत नाही.

पित्ताशयातले खडे पुरुषांपेक्षा आपणा बायकांत अधिक आढळतात. माझा एक खडा घसरून पित्तनलिकेत अडकला. डोळे पिवळे झाले. शेजारणीने मायेने काविळीची माळ आणली. पण वाटच अडली, तिथे माळ काय करणार? शेवटी नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेले. तिथल्या डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेचे तोंड किंचित कापून खडा काढला. याला ईआरसीपी म्हणतात. नलिकेचे तोंड असे कापण्याची युक्ती १९७४ साली जपानात व जर्मनीत निघाली. त्यापूर्वी पोटच उघडावे लागे.

कावीळ उतरली. ‘आता पित्ताशय लगेच काढून घ्या,’ डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, महालक्ष्म्या होऊ द्या. मग सोयाबीनची रास आली, मग दिवाळी. वाट मोकळी झाली, तरी खड्यांची पिशवी जागेवरच होती, हे मी विसरले.

दिवाळीनंतर पुन्हा कळ उठली. नांदेडला शस्त्रक्रिया झाली. चार छिद्रांतून सुरू केली, पण पित्ताशय भोवताली घट्ट चिकटलेले. अखेर पोट उघडावेच लागले.

सर्जनांनी मागाहून कारण सांगितले. नलिकेचे तोंड कापले की आतड्यातले जंतू वर चढू शकतात. पित्ताशयाच्या मानेपाशी सूज येते, दिवस गेले की ती जागा चिकटून बसते. मग नळ्या ओळखणे अवघड होते आणि मुख्य पित्तनलिकेलाच इजा होण्याचे भय वाढते.

२०१० साली हॉलंडमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीनंतर ७२ तासांच्या आत पित्ताशय काढायचे ठरलेल्या ४९ रुग्णांपैकी एकालाच पुन्हा त्रास झाला. सहा ते आठ आठवडे थांबवलेल्या ४७ जणांपैकी मात्र १७ जणांना!

तेव्हा दोष दुर्बिणीचा नव्हे, माझ्या चालढकलीचा. स्वादुपिंडाला जास्त सूज असली, तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात, ते ऐकावे. पण सणासाठी थांबू नये. घरी निघण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्याव्या: शस्त्रक्रियेची तारीख, आणि आत बारीक नळी ठेवली असल्यास ती काढण्याची तारीख.

भगिनींनो, महालक्ष्म्या दरवर्षी येतात. त्यांना पुरणाचा नैवेद्य दाखवायला आपण धडधाकट असायला हव्यात.