राग योग्य पत्त्यावर पोहोचवा



एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करतो. पाकिटावर किंवा मोबाइलवर फोटोत जसं दिसलं, अगदी तसंच खायला मिळालं, असं तुमच्याबाबत शेवटचं कधी घडलं? आठवून पाहा. मी थांबतो.

हसताय, म्हणजे तुमच्याकडेही किस्से आहेत. पाकिटावर काजू-बदामाचा ढीग असतो आणि आत बदामाचा एक काप सापडतो, तोही तळाशी. फोटोतला बर्गर वीतभर उंच असतो, हातात येतो तो कुणीतरी त्यावर बसून उठल्यासारखा. नूडल्सच्या पाकिटावर गाजर, मटार, कोथिंबीर, सगळी मंडई असते. फोडल्यावर निघते एक वाळकी वडी आणि मसाल्याची पुडी.

मग आपण काय करतो? ‘जाऊ दे’ म्हणतो. वीस रुपयांच्या पाकिटासाठी कोण भांडत बसणार? पण मंडळी, माझा अनुभव असा आहे, की ‘जाऊ दे’ म्हटल्याने राग जात नाही. तो पोटात बसून राहतो आणि भलत्याच माणसावर निघतो. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

मी इंदूरला राहतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातली संध्याकाळ, ऑफिसात दिवस वाईट गेलेला आणि घरी पाहुणे. मी मोबाइलवरून पनीरची एक थाळी मागवली. फोटोत सहा वाट्या, फुगलेली नान, वर बटर वितळतंय. तासाभराने बेल वाजली. दारात विशीतला एक मुलगा, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. मी दारातच डबा उघडला. रश्शात पनीरचे तीन तुकडे, नान वातड आणि वाट्यांच्या जागी प्लास्टिकच्या दोन डब्या.

आणि मी त्या मुलावर ओरडलो. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ‘फोटोत हे दाखवता आणि हे आणून देता? लाज वाटत नाही?’ तो शांतपणे एवढंच म्हणाला, ‘सर, डबा सीलबंद असतो. आत काय आहे ते मलाही माहीत नसतं.’ जाताना वळून म्हणाला, ‘रेटिंग तेवढं कमी करू नका.’

मी दार लावलं आणि त्याला एक तारा दिला.

रात्री जेवणं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. फोटो त्याने काढला नव्हता. पनीर त्याने मोजलं नव्हतं. पैसेही त्याने घेतले नव्हते. त्याने फक्त पावसात माझ्यापर्यंत येण्याचं काम केलं होतं आणि ते चोख केलं होतं. या सगळ्या व्यवहारात ज्याचा दोष सर्वांत कमी, त्यालाच मी शिक्षा केली. कारण एकच. हाताशी तोच होता.

आता याच्या उलट पाहा. आमच्याकडे रात्री सराफ्यात खाऊचा बाजार भरतो. तिथे भुट्ट्याचा कीस घेताना मी कधी फोटो पाहिला नाही. कढई समोर, बनवणारा समोर, आणि पैसेही त्याच्याच हातात. काही बिघडलं तर ‘भैया, आज मीठ कमी पडलं’ असं तिथल्या तिथे म्हणता येतं. बनवणारा, विकणारा आणि ऐकून घेणारा माणूस एकच असतो.

पाकिटात आणि ॲपमध्ये हे तिघे वेगळे झाले आहेत. फोटो एकाने काढला, पदार्थ दुसऱ्याने बनवला, पैसे तिसऱ्याने घेतले आणि तो आणून चौथ्याने दिला. आपला राग मात्र या चौथ्यापर्यंतच पोहोचतो. किंवा दुकानदारापर्यंत, वेटरपर्यंत, फोन उचलणाऱ्या मुलीपर्यंत. ज्याने ते चित्र मंजूर केलं, त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याची झोप शाबूत आहे.

तर मग या रागाचा योग्य पत्ता कोणता? तो शोधायला आधी फसवणूक कशी होते ते समजून घेऊ.

अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो. कॅम्पबेल ही सूप बनवणारी मोठी कंपनी. तिच्या जाहिरातीत वाडगाभर सूप आणि वर दाटीवाटीने भाज्या दिसत. खऱ्या वाडग्यात भाज्या तळाशी बसतात. मग फोटोत वर कशा आल्या? वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या! आपण लहानपणी खेळायचो तशा गोट्या. भाज्या त्यांच्यावर टेकून वर राहिल्या. प्रकरण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे गेलं आणि १९७० मध्ये कंपनीला असे प्रकार बंद करण्याचा आदेश मान्य करावा लागला.

यात गंमत काय आहे? सूप खरं होतं, भाज्या खऱ्या होत्या. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, तरी चित्र खोटं बोलत होतं. म्हणून पुढच्या वेळी सुंदर फोटो पाहिलात की मनात विचारा, याच्या तळाशी गोट्या तर नाहीत ना?

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. या कायद्यात ‘जाहिरात’ म्हणजे फक्त टीव्हीवरची जाहिरात नव्हे. पाकिटाचं वेष्टन आणि त्यावरचं लेबलसुद्धा जाहिरातच आहे. वस्तूचं स्वरूप, प्रमाण किंवा दर्जा याबद्दल ग्राहकाची दिशाभूल होईल, अशी जाहिरात हा कायदा दिशाभूल करणारी मानतो. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. ते पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं.

कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, ‘चित्र केवळ प्रातिनिधिक.’ ती लिहिली की सगळं माफ, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. २०२२ मध्ये सरकारने जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत सांगितलंय, की मोठ्या अक्षरांत केलेला दिशाभूल करणारा दावा बारीक अक्षरांतल्या खुलाशाने दुरुस्त करता येत नाही. शिवाय खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा.

पण मंडळी, न्यायाने बोलायचं तर प्रत्येक चिडचिड म्हणजे फसवणूक नसते. वेफर्सचं पाकीट फुगलेलं असतं आणि आपण म्हणतो, ‘हवा विकतात लेकाचे!’ ती बहुतेक वेळा साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. त्याने वेफर्स मोडत नाहीत आणि तेलाला खवट वास येत नाही. म्हणून पाकिटाच्या फुगीरपणावर चिडण्याआधी त्यावरचे ग्रॅम वाचा. छापलेले ग्रॅम आत असतील, तर तक्रार नाही. नसतील, तर मात्र सोडू नका.

ज्याने सोडलं नाही, अशा एका माणसाची ही गोष्ट. तमिळनाडूतला एक गृहस्थ. रस्त्यावरच्या मुक्या जनावरांना घालण्यासाठी त्याने बिस्किटांचे पुडे घेतले. पुड्यावर छापलं होतं १६ बिस्किटं, आत निघाली १५. एक बिस्किट कमी! आपण काय म्हटलं असतं? जाऊ दे. हा गृहस्थ तिरुवळ्ळूर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे गेला. कंपनी म्हणाली, आम्ही बिस्किटं मोजून नव्हे, वजनावर विकतो. पुड्यावर वजन होतं ७६ ग्रॅम. आयोगापुढे न फोडलेले पुडे तोलले, तर भरले ७४ ग्रॅम. २०२३ मध्ये आयोगाने त्या ग्राहकाला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

हिशोब समजून घ्या. एक बिस्किट म्हणजे रुपयापेक्षाही कमी. आपल्यासाठी ते ‘जाऊ दे’. पण असे लाखो ‘जाऊ दे’ एकत्र केले, की कुणाची तरी तिजोरी भरते. तुमचा ‘जाऊ दे’ फुकट नाही, त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजून ठेवली आहे.

आता कामाचं बोलू. पुढच्या वेळी काय कराल?

पहिलं, पाकीट उलटं करा. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची, मागची बाजू तुमची. मागे घटकांची यादी असते आणि जे वजनाने सर्वांत जास्त, ते यादीत सर्वांत आधी येतं. पुढे आंबा दिसतो आणि मागे पहिल्या दोन नावांत पाणी आणि साखर असेल, तर तुम्ही आंब्याच्या चित्राचे पैसे देताय. आइस्क्रीम घेताना नाव नीट वाचा. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. ते खायला हरकत नाही, पण काय खातोय ते कळायला हवं.

दुसरं, पुरावा ठेवा. पाकीट फेकू नका, बिल फाडू नका. ॲपवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि डबा उघडल्यावर शेजारी खऱ्या पदार्थाचा फोटो काढा. दोन फोटोंना शब्द लागत नाहीत.

तिसरं, पत्ता. पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि पत्ता छापणं कंपनीवर बंधनकारक आहे. तिथे आधी कळवा. उत्तर नाही आलं, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. आणि हे सगळं करताना जो माणूस डबा घेऊन दारात उभा आहे, त्याला आधी ‘थँक यू’ म्हणा.

मी हे केलं का? केलं. एका सुक्यामेव्याच्या बिस्किटाच्या पाकिटावरून मी कंपनीला लिहिलं. आठवड्याने माफीचं पत्र आणि दोन पाकिटं फुकट आली. मी कळवलं, मला पाकिटं नकोत, चित्र बदला. मग १९१५ वर तक्रार नोंदवली. चित्र अजून तेच आहे. खोटं कशाला सांगू? पण माझ्याकडे तक्रारीचा क्रमांक आहे आणि त्या दिवसापासून माझा आवाज घरात आणि दारात चढलेला नाही. राग गेलेला नाही. त्याला फक्त जाण्याची जागा मिळाली आहे.

तो भिजलेला मुलगा मात्र मला पुन्हा भेटला नाही. कदाचित त्यानंतर दहादा आमच्याकडे येऊनही गेला असेल. मला कळणार कसं? त्या संध्याकाळी मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. मी डब्यात बघत होतो. त्याला दिलेला तो एक तारा मला आता परत घेता येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. तुम्ही भोपाळला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा नाशिकला असा, पुढच्या वेळी डबा उघडून निराशा झाली, तर दोन श्वास थांबा. समोरच्या माणसाचा चेहरा पाहा. आणि मग विचारा, गोट्या कुणी टाकल्या?

ज्याने टाकल्या, त्याच्याकडे तक्रार पाठवा. नक्की पाठवा.