आहारशिक्षण : ताटातून पाठाकडे

कुपोषण म्हणजे केवळ उपासमार नव्हे. पोट भरूनही शरीरास लोह, आयोडीन वा ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नसेल, तर तेही कुपोषणच होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६७.१ टक्के झाले. याचा अर्थ, अनेक मुले ही उणीव घेऊनच शाळेची पायरी चढतात. अशक्त मुलाचे लक्ष फळ्यावर टिकत नाही.

शालेय भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी बहुतेक राज्यांत कोरडे धान्यच दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक ठरले. २०२१ मध्ये योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले. प्राथमिक स्तरावर प्रत्येक मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने देण्याचा निकष आहे.

तथापि, शाळेत मिळते ते एकच जेवण. उर्वरित आहार घरचा. तेथे उपयोगी पडते ते आहारशिक्षण. सहा ते दहा वर्षांच्या मुलास प्रथिनांची व्याख्या पाठ करविण्यात अर्थ नाही. समोरच्या ताटातील भात शक्ती देतो, वरण शरीर घडविते आणि भाजी रोगांपासून रक्षण करते, हे त्यास जेवतानाच समजावे. पालेभाजीवर पिळलेल्या लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते, तर जेवणासोबतचा चहा त्यात अडथळा आणतो. एवढी माहितीही घरची सवय बदलू शकते आणि त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

मात्र सफरचंद-बदामांची चित्रे दाखवून दिलेला पाठ गरीब घरातील मुलास परका वाटतो. उदाहरणे परिसरातीलच हवीत. महाराष्ट्रातील नाचणी कर्नाटकात रागी, तर ओडिशात मंडिया म्हणून ओळखली जाते; कॅल्शियमचा हा स्वस्त स्रोत आहे. शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे हेही तसेच.

अर्थात, रिकाम्या ताटापुढे आहाराचा पाठ व्यर्थ आहे. रोजगार, शिधावाटप, स्वच्छ पाणी व जंतनाशक उपचार यांची जागा शिक्षण घेऊ शकत नाही. परंतु शासन पुरवीत असलेल्या अन्नाचा लाभ शाळेच्या भिंतीपलीकडे, धाकट्या भावंडांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर भोजनाची वेळ ही अध्यापनाचीही वेळ मानली पाहिजे.