पडद्यावरील क्ष-किरण तपासणी



रंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हापासून हाडांचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. फ्लुओरोस्कोपी ही तपासणी मात्र निराळी. तीत घास गिळताना अन्ननलिका कशी हलते, हे डॉक्टर त्याच क्षणी पडद्यावर पाहतात. त्यासाठी रोग्यास बेरियम सल्फेटचे खडूसारखे पांढरे मिश्रण पाजतात. ते पाण्यात विरघळत नाही. किरणांना मात्र अडविते, म्हणून मार्ग स्पष्ट दिसतो.

पोट रिकामे हवे. ‘कपभर चहाने काय होते?’ असे आपल्याकडे हमखास म्हणतात. पण जठरात उरलेले अन्न पडद्यावर गाठीसारखे भासू शकते. मधुमेह्यांनी उपाशी राहण्यापूर्वी औषधांविषयी विचारून घ्यावे. मंगळसूत्र काढावे लागते. ते घरीच सुरक्षित ठेवणे बरे.

गर्भ असण्याची शंकाही असेल, तर ती आधी सांगितलीच पाहिजे. किरण गर्भास अपायकारक ठरू शकतात. सासूबाईंसमोर सुनेच्या तोंडून हे निघत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून वडीलधाऱ्या स्त्रियांनी बाहेर थांबावे व तिला डॉक्टरांशी मोकळेपणी बोलू द्यावे.

अशा यंत्रांना परवाने देणारे, १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या चेंबूरशेजारी अणुशक्तीनगरातच आहे. तेव्हा यंत्रास परवाना आहे काय, हे विचारण्यास चेंबूरकरांनी तरी बिचकू नये.

तपासणीनंतर एकदोन दिवस शौचास पांढरे होते. घाबरू नये, पाणी भरपूर प्यावे.