मित्र कोण, शत्रू कोण?

(मंडळाच्या सातपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी आम्हांस बोलावयास सांगितले, हा आपला लोभ होय. आम्ही माध्यमिक शाळेत इतिहास शिकवितो. तेव्हा तेथलीच एक अडचण आपणांपुढे मांडतो.

चीन व अमेरिका यांच्या संबंधांचा विषय निघाला की मुले प्रथम विचारतात, "सर, यांतला आपला मित्र कोण?" हा प्रश्न ती घरून घेऊन येतात. १९६२ चे चिनी आक्रमण त्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. म्हणून चीन शत्रू, आणि चीनचा शत्रू तो आपला मित्र, असा सोपा हिशेब ती मांडतात.

हा हिशेब आम्ही खोडीत नाही. फळ्यावर केवळ सनावळी लिहितो. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांस कायद्याने दार बंद केले. १९४३ मध्ये, जपानविरुद्ध चीन दोस्त असताना, तो कायदा रद्द केला. १९५० मध्ये कोरियाच्या रणांगणावर हीच दोन राष्ट्रे समोरासमोर उभी ठाकली. १९६२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने भारतास शस्त्रास्त्रे धाडली. येथवर मुलांचा हिशेब जुळतो.

पुढे १९७१ साल येते. जुलैत किसिंजर पाकिस्तानमार्गे गुप्तपणे पेकिंगला गेले. ऑगस्टात भारताने सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार केला. डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध चालू असता अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आले. अवघ्या नऊ वर्षांत सारा हिशेब उलटला! वर्ग स्तब्ध होतो, आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते.

मग वर्गाचे दोन भाग करून निक्सन यांची १९७२ ची चीनभेट एकाने पेकिंगच्या व दुसऱ्याने वॉशिंग्टनच्या बाजूने सांगावयाची. दोघांसही रशियाचा धाक होता, हे मुलांस आपोआप उमगते.

हा विषय दूरचा नव्हे. २०१८ मध्ये या दोन देशांनी एकमेकांच्या मालावर जकाती वाढविल्या. ज्यांच्या घरची चूल सातपूरच्या कारखान्यांवर पेटते, त्यांच्या मुलांनी जगाच्या बाजाराची ही ओढाताण समजून घेतलीच पाहिजे.

राज्यांची मैत्री स्वार्थाबरोबर बदलते. माणुसकीचे तसे नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले व तेथील जखमींची सेवा करीतच १९४२ मध्ये निवर्तले. सरकारविषयीचा राग तेथील जनतेवर काढू नये, हेही मुलांस शिकविलेच पाहिजे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने असा प्रश्न विचारल्यास एका शब्दात निकाल देऊ नये, "कोणत्या साली?" असे त्यास उलट विचारावे. आणि मंडळाने पुढील वर्षी बक्षिसांबरोबर प्रत्येक विद्यार्थ्यास जगाचा एक नकाशा द्यावा.