डोळ्याला कुलूप नाही

गावोगावची वाचनालयं सांभाळणाऱ्या भावाबहिणींनो,

 वरुडात संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू आहे, म्हणून स्वागताला हारतुऱ्यांऐवजी प्रत्येकाच्या पिशवीत चार संत्री ठेवली आहेत. सोलून खा, सालं तेवढी सभागृहात टाकू नका.

इथून जवळच शेंदुरजनाघाट. तिथल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटाची साल चिरून चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे अंकुर, बसवतात, वरून पट्टी गुंडाळतात. शेजाऱ्यानं डोळा नेला म्हणून मूळ झाडाचं फळ कमी होत नाही. आमचा अख्खा तालुका असा मागून आणलेल्या डोळ्यांवर उभा आहे.

पुस्तकाचं तसं नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं हक्क राखला होता. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत 1991अखेर संपत आली, तेव्हा ती सगळ्यांसाठीच 60 झाली. त्यामुळे साने गुरुजी 2001ऐवजी 2011मध्ये मोकळे झाले. तुकडोजी महाराजांनी 1968मध्ये देह ठेवला. या हिशेबानं त्यांनी गावासाठी लिहिलेली ग्रामगीता 2029मध्ये गावाची होईल! वारसांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. पण जे पुस्तक कुणी छापतच नाही, त्याची राखण कोणासाठी?

आणि कायद्याहून वाईट कुलूप माझ्याच छापखान्यात निघालं. वीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका गुरुजींनी जमवलेल्या वऱ्हाडी म्हणी मी छापल्या. फॉन्ट एका कंपनीचा, डोंगल लावल्याशिवाय न चालणारा. डोंगल बिघडलं. परवा फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं. म्हणी साऱ्या वऱ्हाडाच्या, मजकूर मीच जुळवलेला, आणि वाचता मलाच येईना! शेवटी नातीनं छापील प्रत समोर ठेवून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलानं चहा पिता पिता परवानगीच्या कागदावर सही केली.

या संमेलनाच्या पहिल्या सत्रात एका गोष्टीवर जरूर बोला. आपल्या सार्वजनिक वाचनालयात छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनं मुभा आहे. देशात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या, वाचनालयाच्या वापरापुरत्या, तीनपर्यंत प्रतीही काढता येतात. कपाटातली वाळवी मात्र सत्र संपायची वाट पाहत नाही.

म्हणींची फाइल दाराजवळच्या टेबलावर, पेन ड्राइव्हमध्ये आहे. जेवायला जाण्याआधी उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह तेवढा परत ठेवा, तो नातीचा आहे.