आपला नकाशा आपणच काढू

आज आपण नकाशाबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, शाळेतला भूगोल नाही! आपल्याला आवडलेल्या जागांचा, आपणच काढलेला आणि दुसरीच्या हातात द्यायचा नकाशा.

आम्ही पुण्यात वस्त्यांमधल्या बचत गटांचं काम बघतो. गावाकडच्या गटांतल्या मैत्रिणी प्रशिक्षणाला, प्रदर्शनाला येतात, तेव्हा आमच्याकडेच मुक्काम करतात. एकदा रात्री जेवणं झाल्यावर आम्ही विचारलं, "पुण्यातलं तुम्हाला काय काय माहीत आहे?" उत्तरं आली : स्वारगेट, दवाखाना, कोर्ट, मार्केट यार्ड, नणंदेचं घर. एक काकू म्हणाल्या, "वीस वर्षं येते मी पुण्याला. पण नुसतं बघायला म्हणून कधी आले नाही."

आम्ही गप्पच झालो. इथे राहून आम्ही तरी कुठे काय बघितलं होतं?

मग जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला आम्ही पहिला नकाशा काढला. मधे स्वारगेट, कारण एसटी तिथे सोडते. खुणेला कपाळाच्या टिकल्या. लाल टिकली म्हणजे बघायची जागा. हिरवी म्हणजे पाणी आणि स्वच्छतागृह. पिवळी म्हणजे बायकांना सावलीत निवांत बसता येईल, अशी जागा.

नियम एकच ठेवला : स्वतः जाऊन आल्याशिवाय टिकली लावायची नाही. मग सुट्टीच्या दिवशी दोघी-दोघी निघालो. बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी बघितली. आजीच्या घरातल्या वस्तू इतक्या मानानं मांडलेल्या बघून बरं वाटलं. नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या समाधीपुढे उभ्या राहिलो. इंग्रजांच्या कैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या इथेच गेल्या. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराची लेणी आहेत, खडकात कोरलेली. तिथे आवारात झाडं आहेत, म्हणून लालच्या शेजारी पिवळी टिकलीही लागली.

सगळ्यात जास्त वाटलं ते बुधवार पेठेत. दगडूशेठ गणपतीला आम्ही किती वेळा हात जोडले असतील! पण त्याच्या समोरच भिडेवाड्याची जागा आहे, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. पडका वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी उतरवला. आपण सही करतो, गटाचा हिशोब लिहितो, त्याची सुरुवात रस्त्याच्या पलीकडे होती आणि आम्ही तुळशीबागेकडे वळत होतो. तिथे आम्ही सगळ्यात मोठी टिकली लावली. तिथून पुढे गंज पेठेतला फुले वाडाही नकाशात घेतला.

चूकही झाली. पर्वतीपुढे आम्ही नुसतं "छान आहे" लिहिलं. एक मावशी तो कागद घेऊन गेल्या आणि शंभरावर पायऱ्या बघून गुडघे धरून खालीच बसल्या. तेव्हापासून पायऱ्या किती, चालायचं किती, बंद कधी असतं आणि आपण कोणत्या तारखेला गेलो होतो, हे लिहितोच.

मोबाईल असेल तर हेच नकाशाच्या ॲपमध्ये करता येतं. जागेवर बोट दाबून 'सेव्ह' करा, यादीला नाव द्या आणि ती गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. मात्र आपलं घर, मुलींची शाळा त्या यादीत टाकू नका. आणि कागदाचा नकाशा पिशवीत असू द्याच. चार्जिंग संपलं तरी तो चालतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. वाट मोकळी झाली, आता जायचं कुठे ते आपण ठरवू. पुण्याचाच नकाशा हवा असं नाही. तुमच्या तालुक्यातला घाट, बारव, जुनं देऊळ, यात्रेची जागा, जिथे तुमचा जीव रमला ते सगळं घ्या.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एक कागद मधे ठेवा. प्रत्येकीनं एक टिकली लावायची आणि ती जागा का आवडली, ते सांगायचं. जिला एकही जागा सांगता येणार नाही, तिला बोलू नका. पुढची सहल तिला विचारून ठरवा.

त्या काकू मागच्या वेळी आल्या, तेव्हा दवाखान्याचं काम सकाळीच उरकलं. दुपारी नकाशा घेऊन स्वतः निघाल्या, आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, येताय का?"

येतो आम्ही.